ताई, खांद्याचं ठरवलंय

ताई,

तुला नमस्कार. उजवा खांदा सोडला तर मी ठणठणीत आहे.

पार्लरच्या जिन्यावर पाय घसरला तेव्हा 'जरासं मुरगळलंय' असं तुला कळवलं होतं. खरं म्हणजे खांद्यातला स्नायू फाटलाय. तीन महिने नेमाने व्यायाम केला, तरी हात कानाच्या वर जात नाही. मी जगाचे केस कापते आणि माझी वेणी शेजारीण घालते! हसलीस ना?

डॉक्टरीणबाई समजूतदार आहेत. म्हणाल्या, "घरकामापुरता हात हवा असेल, तर ऑपरेशन नको. दिवसभर कात्री चालवायची असेल, तर करून घ्या. पूर्वीसारखा होईलच, असं मात्र वचन देत नाही."

आठवडाभर विचार केला. काल एका बाईंचे केस कापताना कात्री हातातून सुटली. त्यांनीच ती वाकून उचलून दिली आणि मला समजायचं ते समजलं. ऑपरेशन करून घेते.

दहा तारीख मिळालीय. पुढे दीड महिना हात गळ्यात बांधलेला. आईला इतक्यात सांगू नकोस. भावजींचा गुडघा कसा आहे?

तू दरवेळी 'येऊ का?' विचारतेस आणि मी 'कशाला उगीच?' म्हणते. या वेळी मीच विचारते, येशील का?

तुझी,
धाकटी