चुकलेल्या ठोक्याची हकिकत

घनसावंगी

ती. बेबीनंदाआक्कास,
धाकट्या राधाकिसनचा पाया पडून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? दोन वर्षांपासून तू माझा फोन उचलत न्हाईस, म्हणून शहागडच्या पत्त्यावर पत्र टाकून राह्यलो. फाडायच्या आधी निदान वाचशील.

तर आक्का, महिन्यामागं मेंढरं घेऊन चाल्लो होतो, तर छातीत कुणी उडी मारल्यावानी झालं. एक ठोका चुकला आणि मागून दोन जल्दी-जल्दी आले. मी बांधावर बसलो आणि मनातल्या मनात सगळ्यांना माफ करून टाकलं (शेजारचा अण्णासाहेब सोडून; त्यानं आपला बांध कोरलाय). तुझ्या भावजयीनं, आसराबाईनं, आधी मेंढरं घरी पोचवली, मंग मला अंबडला नेलं (क्रम ध्यानात घे).

तिथल्या डॉक्टरीणबाईनं छातीला वायरी चिकटवल्या, कमरेला ठोके टिपणारी डबी बांधली आणि दिवसभर जे कराल ते वेळ टाकून लिहा म्हणाली. मी इमानदारीनं लिहिलं. सव्वानऊ, चहा. दहा, मेंढी पळाली, मीबी पळालो. अकरा, आक्काला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी बाईनं आलेख पाह्यला. "मेंढीमागं पळालात तेव्हा ठोके बराबर. अकरालाच एवढे का चुकले?"

मी म्हणलं, "हवा गरम होती."

मंग तिनं पोटाचं विचारलं. म्हणलं, बाई, दुखणं तर छातीत आहे. पण तिनं सोडलं न्हाई. शेवटी कबूल झालो, की पोट बिघडलं की मी मनानंच अँटिबायोटिकच्या गोळ्या खातो, असं वर्षभर चालू आहे. बाईनं कपाळाला हात लावला. "अहो, आतड्यातले कितीतरी जंतू आपल्या कामाचे असतात. त्यांचा आणि हृदयाच्या ठोक्यांचा संबंध असावा असं संशोधनात दिसतंय, पण अजून पक्कं नाही. तुमचं कारण तेच, असंही मी म्हणत नाही. मनानं घेता त्या गोळ्या बंद करा, मी देते ती रोज घ्या."

आसराबाईनं यातलं 'जंतू' तेवढं ऐकलं. आता जेवताना ती मला न्हाई, पोटातल्यांना विचारती, "भाकर वाढू का?" ते कधी नको म्हणत न्हाईत. ठेचा बंद झालाय, कारण त्यांना तिखट सोसत न्हाई म्हणे. मी तीन किलोनं वाढलो.

बाकी बिलकुल ठीक. ठोके आता कमी चुकतात, भिण्यासारखं न्हाई. दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
राधाकिसन

ता. क. बाईनं घरचं दही खायला सांगितलंय. आसराबाईचं दही लागतच न्हाई (हे तिला कळू देऊ नको). आईचं विरजण तू अजून चालवतीस म्हणे. एक वाटी पाहिजे.

ता. क. वाटी जीपवाल्याकडं देऊ नको, सांडतं. तूच घेऊन ये. आमच्या छकुलीच्या लग्नात तुला मान द्यायचा राह्यला, ती चूक माझीच होती.

ता. क. वन्सं, मी आसराबाई. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिल्तं, म्हणून वाचलं. माझं दही रोज घट्ट लागतं, हे दोन वाट्या खातात. तुम्ही नुसत्या या.