फोन आणि लॅपटॉपच्या मधलं

२१ सप्टें.
अण्णांच्या दुकानात दिवसभर चार्जिंगच्या पिना बदलल्या. दुपारी स. आली, फोन अडकतोय म्हणून. (पूर्ण नाव लिहीत नाही. वही बहिणीच्या हाती लागली तर शिरूरभर व्हायचं.) बी.ए.च्या प्रकल्पाची वीस पानं टाइप करूनच पाठवायचीत म्हणे, डिसेंबरच्या आत. मागच्या साली घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेली. उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत बसून फोनवर लिहिलं, चौथ्या पानाला अंगठा सुजला, वर्ष गेलं. लॅपटॉप कुणी दिला तरी कोपीत ठेवायचा कुठं?
"फोन लहान पडतो, लॅपटॉप मोठा पडतो. मधलं काईच नसतं का रे?"
सहज बोलून गेली. मी तेव्हापासून सरळ बसलो नाही.

२३ सप्टें.
आहे की मधलं. डोक्यात आहे. शाळेच्या पाटीएवढं. सात इंची काच, खाली खरी बटणं, दहा बोटांनी बडवता येतील अशी. लिहायचं, वाचायचं, साठवायचं. रील नाही, गेम नाही. भाव स्वस्तातल्या फोनएवढा. मोठ्या कंपन्यांना हे काहून सुचत नाही? त्यांच्यातलं कुणी पाचटावर बसून लिहिलंय कधी?
कॉलेजात हेच म्हणलो होतो. सर हसले, वर्ग हसला, मी माउस फेकला, कॉलेज सोडून घरी आलो. दीड वर्ष झालं. अजून कुणी हसलेलं ऐकू आलं की हातातलं फेकावंसं वाटतं.

२७ सप्टें.
भंगारात टॅब मिळाला. काच गेलेली, बोर्ड जिवंत. दुसरी काच जुन्या मालातली, कीबोर्ड बीडहून. खोकं बिस्किटाच्या पत्र्याचं. अण्णा कपाळावर भस्माचे पट्टे ओढून गल्ल्यावर बसतात आणि माझ्यावरच नजर. म्हणाले, गिऱ्हाइकाच्या स्क्रीना बसव आधी बे, जगाला यंत्र देणारे लई हायेत. थोड्या वेळानं स्वतःचं भिंग माझ्यापुढं सरकवलं.

३० सप्टें.
तोडीवर सगळे फोन टोळीच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज होतात, हे चुलत्याकडून ऐकलेलं. म्हणून पाटीला त्या बॅटरीला लावायचे चिमटे दिले. जाड वायर, भक्कम काम. अण्णा म्हणाले, साधी पिन बी ठेव एक. म्हणलं जागा नाही.
जागा होती. पिनांचा वीट आलाय, एवढंच.

४ ऑक्टो.
चालली!! बॅटरी पाच तास. पहिला शब्द तिचं नाव, पूर्ण. लगेच पुसला.

९ ऑक्टो.
तिच्या वस्तीवर गेलतो दाखवायला. दारात नवी बैलजोडी बांधलेली. मी पाटी उघडली, तिनं दोन ओळी लिहिल्या, बोटं पळत होती. तिचा चेहरा... जाऊ दे. मग चिमटे काढून दाखवले. ती चिमट्यांकडं बघत राहिली, मग बैलांकडं.
"औंदा आमी बैलगाडी घेऊन चाललो. ट्रॅक्टर न्हाई."
आधी का नाही सांगितलं म्हणून मीच डाफरलो तिच्यावर.
"तू इचारलं कुठं? माझ्यासाठी करतो म्हणतो, अन् मला एक बी गोष्ट इचारली न्हाई."
चुलीपुढून तिची आई म्हणाली, बैलाच्या कानाला लाव चिमटे, बघू भरतंय का. बाप हसला, भाऊ हसला. ती नाही हसली. तरी मी पाटी भिंतीवर फेकली.

१० ऑक्टो.
बिजागरी गेली, काच कोपऱ्यात तडकली, काच आणि बोर्ड जोडणारी आतली पट्टी उखडली. अण्णांनी पाटी उलटून बघितली आणि परत माझ्यापुढं ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन वर्षं तोडीला गेलेलं एक गिऱ्हाईक आलं, त्याला आज विचारलं. कारखान्याजवळच्या चहाच्या टपरीवर फोन चार्ज करून देतात म्हणाला. साध्या पिनेवर.
मुकादम त्यांना पंधरा तारखेला तोडीला नेणार म्हणे. आधी पट्टी, मग बिजागरी, शेवटी पिन. होतंय.

१२ ऑक्टो.
मुकादमानं आज सकाळीच ट्रक लावला. पट्टी झालेली, बिजागरी झालेली. पिन राहिली. नुसता राग गिळला असता तर ते दोन दिवस पिनेला मिळाले असते.
पळत गेलो. ट्रकात बैल, गाडीची चाकं, बाजरीची पोती, कोंबड्या, त्यात ती. पाटी वर दिली. खरं सांगून टाकलं: पाच तासांची भरलीय, संपली की पत्रा.
"रोज अर्धा तास लिहीन." पिठाच्या डब्यात ठेवली.
म्हणलं, पिन बसवायला येतो मी तिकडं.
"असाच येऊ नको. येयाचं तर आधी इचार."

१३ ऑक्टो.
तिचा मेसेज. कोपी उभी राहिली, आजच सुरुवात केली.

१७ ऑक्टो.
मेसेज: 'सहा पानं झाली. ळ दोनदा दाबावा लागतो.'
दिवसभर ळ. काळजी, वेळ, जवळ. अण्णा म्हणाले, दात आत घे बे, गिऱ्हाईक आलंय.

२० ऑक्टो.
मेसेज नाही. अण्णांनी डब्यातली चांगली पिन काढून माझ्या टेबलावर ठेवली. टपरीवर वीज आहे, तासाभराचं काम.

२३ ऑक्टो.
पाच तास, रोज अर्धा. दहा दिवस. आज अकरावा.
पिन आणि सोल्डरिंगचं सामान पिशवीत. सकाळपासून दोनदा स्टँडवर गेलो. दुसऱ्यांदा तर गाडीत बसलो होतो, कंडक्टर जवळ आला, तिचं 'आधी इचार' आठवलं आणि उतरलो. स्टँडवरच्या माणसांनी खुळा म्हणलं असेल. म्हणू दे.
दुकानाच्या पायरीवर बसून लिहिलं: 'येऊ का?'
एकच टिक. टपरीवर लावला असेल फोन. नाहीतर
अण्णा कुलूप लावून कधीचे गेले. एकच टिक.