खजूर, अंजीर आणि थोडंसं दूध

रविवार, २ नोव्हेंबर
शलाकाचा रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर ११८. डॉक्टर म्हणाले, डायबेटिस नाही, पण उंबरठ्यावर आहात. गोड बंद करा, फायबर वाढवा. सत्तावीस वर्षं बायकोने मला करून घातलं. आता मी रिटायर आहे. वेळ आहे, बुद्धी आहे. यापुढे तिचं गोड मी करणार. खजूर, अंजीर, मनुका, बस. नैसर्गिक गोडवा.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
घडियाळी पोळच्या बाजारातून दोन किलो खजूर आणला. दुकानदार बिनबियांचा घ्या म्हणत होता. मी बियांचा घेतला. ओरिजिनल ते ओरिजिनल. मिक्सरचं पातं तुटलं. मिक्सर तिच्या माहेरचा होता, त्यामुळे फार आश्चर्य वाटलं नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
नवा मिक्सर. खजूर-अंजीर-मनुका वाटून कढईत परतायला घेतलं. तेवढ्यात पुण्याहून वैष्णवीचा फोन. लेकीला फायबरचं महत्त्व समजावत होतो, इकडे कढईत खाली लागलं. सगळ्याला करपट वास. एवढा माल फेकणं पाप. कोपऱ्यावरून कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणून ओतला. दूधच ते. वास गेला. बावीस लाडू झाले.

शनिवार, ८ नोव्हेंबर
शलाकाने एक खाल्ला आणि डोळे मिटले. मग दुसरा घेतला. म्हणाली, अहो, दुकानात ठेवले तरी खपतील. सत्तावीस वर्षांत माझं असं कौतुक प्रथमच. दुधाचं सांगणारच होतो, पण खालच्या पूर्वीबेन आल्या आणि मागेच लागल्या. ‘भाई, रेसिपी आपो ने!’ मी तीन जिन्नस सांगितले. तिन्ही खरे.

रविवार, १६ नोव्हेंबर
दुसरा घाणा. या वेळी करपला नाही. तरीही डबा घातला. चव बदलली असती तर तिला पहिल्या घाण्याचा संशय आला असता. क्वालिटी एकसारखी हवी. ती रोज तीन खाते. अख्ख्या सोसायटीला सांगत सुटली आहे की आमच्या लाडवांत साखरेचा कण नाही. मी घातलेली नाहीच. डब्यातच होती.

शनिवार, २९ नोव्हेंबर
रिपोर्ट १३६. लॅबची चूक असावी. शलाकाने दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाली, भाताने होत असणार. आजपासून भात बंद. वरण-भात म्हणजे तिचा जीव. जेवताना सांगायचं ठरवलं होतं, पण तिचा चेहरा इतका उतरलेला की वाटलं, आज नको. तिच्या वाट्याचा भात उरला असता म्हणून मीच दोनदा घेतला.

बुधवार, ३ डिसेंबर
ती सकाळ-संध्याकाळ बागेला फेऱ्या मारते. गुडघा सुजला. मी क्रेप बँडेज बांधून दिलं. चांगलं बांधलं.
निर्णय: या घाण्यापासून अर्धा डबा. म्हणजे अपराधही अर्धा.
रात्री ती म्हणाली, आज गोड कमी वाटतंय. मग स्वतःच ओशाळली. म्हणाली, माझीच जीभ चटावली आहे, तुम्ही बिचारे इतकं करता.
झोप नाही.

सोमवार, ८ डिसेंबर, दुपारी
डॉक्टर गोळी सुरू करू म्हणाले. शलाका त्यांना सांगत होती की पथ्य माझंच चुकतं, हे तर हाताने लाडू वळून देतात. डॉक्टरांनी मला विचारलं, काय काय असतं त्यात? मी म्हणालो, खजूर, अंजीर, म्हणजे फायबर. ते म्हणाले, खजूरही दिवसाला दोनच, आणि आणखी काय? मी खोकलो.
स्कूटरवर घरी कारेलीबागेपर्यंत तिचा हात माझ्या खांद्यावर होता. पार्किंगमध्ये हेल्मेट न काढताच म्हणालो, ‘शलाका, लाडवांत दूध आहे.’
‘कसलं दूध?’
‘डब्यातलं. गोड.’
‘कधीपासून?’
‘पहिल्यापासून.’
ती लिफ्टने वर गेली. मी जिन्याने.

तोच दिवस, संध्याकाळी ६
शेवटी बोलली. शब्दशः लिहितो. ‘करपलं म्हणून घातलंत, ठीक. लाजून बोलला नाहीत, तेही समजतं. पण मी दहा दिवस कोरडी भाकरी खात होते आणि तुम्ही समोर बसून भात वाढून घेत होतात.’
बचावाचे पाच मुद्दे काढून ठेवले होते. एकही यात बसेना.

शनिवार, १३ डिसेंबर
तिने स्वतः डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. गोळी महिनाभर लांबणीवर, मग पुन्हा तपासणी. पूर्वीबेननाही जाऊन खरं सांगून आली. माझं नाव न घेता, ‘आमच्याकडून चूक झाली’ म्हणाली. ते ‘आमच्याकडून’ फार लागलं. उरलेले लाडू कचऱ्याच्या पिशवीत गेले. आज वाटीभर भात जेवली. मी भाकरी मागून घेतली. तिने वाढली.

रविवार, १४ डिसेंबर, सकाळी ७
वाटीत दोन अंजीर भिजवलेले होते. तिने सावकाश चावून खाल्ले. उद्यापासून मी भिजवू का, विचारलं. म्हणाली, ‘अंजीर पाण्यात टाकायचे असतात. त्याला दोन माणसं लागत नाहीत.’
मग म्हटलं, निदान चहा तरी करतो, बिनसाखरेचा. ती बरं म्हणाली.
आणि चहा होईपर्यंत माझ्या शेजारी ओट्याशी येऊन उभी राहिली.