दोन शिडांपुरती जागा

३ सप्टेंबर, गुरुवार
नवरा त्याच्या मोठ्या बहिणीकडे राहायला गेला. भांडण नाही. त्याला दुसऱ्या शहरात वरच्या पदावर बोलावलं आहे, महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचं आहे. जाऊ का, असं त्याने मला विचारलं होतं. मी दोन्ही पर्यायांचा तक्ता करून दिला. तो तक्त्याकडे बराच वेळ बघत बसला आणि मग बॅग भरायला लागला. दारात म्हणाला, उत्तर देण्याआधी एकदा दोघं पाण्यावर जाऊ. तू जागा शोध, वारा बघ आणि बोलाव. मी येतो.
म्हणजे काम माझ्याकडे आलं. बरं झालं. विंडसर्फिंगचा कोर्स आम्ही दोघांनी मिळून केला होता. दोन्ही बोर्ड तळघरात भिंतीला टेकून उभे आहेत. आणि वारा हा माझा रोजचा विषय. मोठ्या इमारतींच्या एसीच्या डक्टमधून कुठे किती हवा जाते, ते मी मोजते.
अटी: वारा बारा ते पंधरा नॉट, किनाऱ्याला समांतर. समुद्राकडून येणारा नको, तो बोर्ड परत वाळूत आणून टाकतो. जमिनीकडून जाणारा तर नकोच, तो माणसालाच घेऊन जातो. वाळू सपाट. दोन शिडं शेजारी-शेजारी पसरून जोडता येतील एवढी जागा.
संकल्प: वेळेवर झोपायचं. उभ्याने जेवायचं नाही.

६ सप्टेंबर, रविवार
पहिला किनारा. वारा तेरा. दिशा योग्य. पण पाण्यात शिरताना डावीकडे खडक. लहान आहेत, तरी खडक ते खडकच. बाद.
तिथेच त्याचा मेसेज आला: खिडकीतून वारा मस्त वाटतोय! वारा खिडकीतून मोजत नाहीत, असं कळवलं. त्याने अंगठा पाठवला. समजलं असावं.
उभ्याने जेवले. एका खुर्चीवर वारा मोजायच्या यंत्राची पेटी होती. दुसरी खुर्ची त्याची आहे.

९ सप्टेंबर, बुधवार
एका विमा कंपनीचं ऑफिस. तिथल्या हिशेबनीस बाईंनी डोक्यावरच्या एसीच्या जाळीला पुठ्ठा चिकटवला होता. मी पुठ्ठा काढला, हवा मोजली, वेग मर्यादेत आहे असं दाखवलं. त्या म्हणाल्या, बाई, तुमचं यंत्र बरोबरच असेल, पण मान माझी आहे. मी यंत्र पेटीत ठेवेपर्यंत त्यांनी पुठ्ठा पुन्हा लावला होता. अशा लोकांमुळे पूर्ण मजल्याचं गणित बिघडतं.

१३ सप्टेंबर, रविवार
तलाव. पाणी सपाट, वाळू बरी, पण काठावर उंच झाडं. त्यांच्या आडोशाला वारा तुटतो. क्षणात चौदा, क्षणात पाच. बाद.
एक म्हातारं जोडपं मात्र त्याच वाऱ्यात बोर्ड घेऊन उतरलं होतं. बाई सारख्या पडत होत्या. त्यांचा नवरा काठावरून ओरडत होता, अगं शीड सोड, शीड सोड! त्या पाण्यातून म्हणाल्या, तुम्हीच सोडा ओरडायचं! मग दोघंही हसत सुटली.
लोक काहीही चालवून घेतात.

१५ सप्टेंबर, मंगळवार
नणंदेचा फोन. म्हणाल्या, अगं, तुझा नवरा दोन रविवार सकाळी उठून तो रबरी पोशाख चढवतो आणि माझ्या ओट्यापाशी येऊन बसतो. चहा दिला तर म्हणतो, ताई, अर्धाच दे, पाण्यात जायचंय. परवा दुपारी तसाच जेवला. शेजारीण साखर मागायला आली, ती साखर न घेताच गेली. काय ते एकदा ठरवा बाई.
मी सांगितलं की वेटसूट घालून बसू नये, गुडघ्यांवरची शिवण सैल होते. त्याला कळवा.
फोन कट झाला. त्यांच्याकडे रेंजचा प्रॉब्लेम आहे.

२० सप्टेंबर, रविवार
सापडली. बंदराच्या पलीकडे वाळूचा लांब पट्टा आहे, तिथे. वारा चौदा, स्थिर, किनाऱ्याला समांतर. खडक नाहीत. झाडं नाहीत. दोन काय, सहा शिडं मावतील. पाणी अजून कोमट आहे.
फोन हातात घेतला होता. पण एकाच रीडिंगवर मी आजवर कुठल्याही रिपोर्टवर सही केलेली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजायचं, मग बोलवायचं.
घरी येताना उगाच बरं वाटत होतं. झोप पुरेशी झाल्याचा परिणाम.

२१ सप्टेंबर, सोमवार
त्याचाच फोन आला. सापडली का काही? मी म्हटलं, ऐंशी टक्के. तो म्हणाला, ऐंशी पुष्कळ झाले गं, मी आत्ता येतो. सोमवार होता. मी म्हटलं, माणसं उरलेल्या वीस टक्क्यांत बुडतात.
तो म्हणाला, हो, तेही खरंच.
पटलं त्याला. तांत्रिक गोष्टींवर आमचं नेहमी एकमत होतं.

२४ सप्टेंबर, गुरुवार
आई आली होती. फ्रिज उघडून बघितला आणि बंद केला. मग म्हणाली, त्याला बोलावते आहेस की टेंडर काढते आहेस? मी म्हटलं, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. ती म्हणाली, कोणाच्या?
उत्तर देणार होते, पण तिला बसची घाई होती. बसला अजून बराच वेळ होता, असं नंतर लक्षात आलं.

२६ सप्टेंबर, शनिवार
दुसरं रीडिंग घ्यायला गेले. वारा शून्य. शून्य हेसुद्धा रीडिंग आहे, पण उपयोगाचं नाही. संध्याकाळपर्यंत थांबले.
उद्याचा अंदाज चांगला आहे. त्याला नकाशा, भरतीची वेळ, गाडी कुठे लावायची, सगळं पाठवलं. शेवटी ‘ये’ लिहायचं राहिलं होतं, ते वेगळं पाठवलं.
त्याने ‘येतो’ म्हणून कळवलं. उत्तर लगेच आलं. चांगली खूण आहे.

२७ सप्टेंबर, रविवार
मी लवकर पोचले. वारा चौदा. दोन्ही बोर्ड वाळूवर, दोन्ही शिडं जोडून शेजारी-शेजारी.
तो नणंदेच्या गाडीतून आला. गाडीच्या टपावर कॅरिअर होता. त्याच्या पायांत ऑफिसचे बूट. नणंद गाडीतच बसून राहिल्या.
तो दोन्ही शिडांकडे बघत उभा राहिला. म्हणाला, काय सुंदर जागा शोधलीस गं. मग म्हणाला, मी शुक्रवारी ऑफिसला हो कळवून टाकलं.
मी म्हटलं, मुदत बुधवारपर्यंत आहे. तो म्हणाला, माहितीये.
मी म्हटलं, वारा चौदा आहे. तो म्हणाला, दिसतोय ना.
यानंतर काय बोलायचं ते मी ठरवून आले नव्हते. तो बूट न काढताच खाली बसला आणि आपलं शीड सोडवायला लागला. डोलकाठी एकट्याने निघत नाही, म्हणून मी दुसरं टोक धरलं. तो म्हणाला, ओढ. मी ओढलं. शीड दोन्ही बाजूंनी गुंडाळत आलो, मध्ये हात लागले, मग त्याने पिशवीची चेन लावली.
नणंद काच खाली करून म्हणाल्या, निघायचं का रे? त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, उशीर होईल.
बोर्ड टपावर त्यानेच बांधला. मागचा पट्टा सैल होता. हायवेवर वेग वाढला की खालून हवा शिरते आणि बोर्ड उचलला जातो. लोकांना याची कल्पना नसते. मी पट्टा सोडून पुन्हा बांधला, गुडघा टेकवून ओढला, हलवून बघितला.
गाडी बंदराच्या वळणापर्यंत दिसत होती. बोर्ड जराही हलला नाही.