पूर्वाची फाइल

ती. आई,

हे पत्र पाठवायचा धीर मला होणार नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून लखनौत आम्ही प्रसूतीसाठी कुठेच पूर्वाचं नाव नोंदवलं नव्हतं. तुमच्या डॉक्टरांना आधी दाखवता यावी म्हणून तिच्या तपासण्यांची फाइलही मीच गेल्या आठवड्यात नाशिकला कुरिअर केली.

आज सकाळी तिला अचानक रक्तस्राव सुरू झाला. पहिल्या हॉस्पिटलात विचारलं, "रजिस्ट्रेशन कहाँ है?" दुसऱ्यात म्हणाले, "फाइल के बिना रिस्क कौन लेगा, भैया?" आमच्या मानक नगरच्या क्वार्टरमधून निघून तिसऱ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत अडीच तास गेले. गाडीत ती आधी कण्हत होती. मग गप्प झाली.

आता ऑपरेशन चालू आहे. सही घेताना डॉक्टर म्हणाल्या, "बहुत देर कर दी आपने." मी सही केली.

मघाशी तुमचा मेसेज आला, 'उद्याची गाडी पक्की ना? डिंकाचे लाडू करून ठेवलेत.'

मी 'हो' लिहिलं, आई.

आतून अजून बाळाचं रडणं ऐकू आलेलं नाही. तिचाही आवाज नाही.

तुमचा जावई,
राजस