समाजमंदिराच्या भिंतीवरचं झाड

रविवार, १६ एप्रिल

काकांनी आज वर्ग बंद पाडला!

मी समाजमंदिराच्या भिंतीवर सजीवांचं झाड काढत होते. मासे, बेडूक, पक्षी, माकडं, एका फांदीच्या टोकाला माणूस. जितेश शिडी धरून उभा. सई म्हणाली, "ताई, आमच्या सीबीएसईच्या पुस्तकातून हा धडा काढलाय. नाही शिकला तर चालेल ना?"

"पुस्तकातून काढलाय. तुझं माकडहाड अजून जागेवर आहे ना?"

मुलं हसली. तेवढ्यात बाळाजीकाका दारात. माझे सख्खे चुलते, समाजमंदिराचे विश्वस्त, आणि आमच्या घरातला शेवटचा शब्द.

"आमच्या पोरांना माकडाची अवलाद बोलतेस तू? पुढच्या रविवारी भिंत पांढरी दिसली पाहिजे. नायतर कुलूप!"

"अवलाद नाही, काका. चुलतभाऊ."

"म्हणजे माझा चुलता कोण, ते पण सांगून टाक!"

सांगितलं नाही. तेवढी अक्कल आहे.

सोमवार, १७ एप्रिल

जितेशचं एकदाच लिहून ठेवते. मग विषय बंद.

तो अंबरनाथ एमआयडीसीत उपकरणं दुरुस्त करतो. मी आनंदनगरच्या कंपनीत प्रयोगशाळेत नमुने तपासते. रविवारचा वर्ग आम्ही दोघं घेतो. जानेवारीत त्याच्या घरून माझ्यासाठी विचारणा आली. काकांनी एका वाक्यात संपवलं. दोन्ही घरांचं देवक कळंबाचं झाड. एका देवकाची माणसं म्हणजे भावंडं, लग्न होत नाही.

मी "ठीक आहे" म्हटलं.

ठीक नाही.

गुरुवार, २० एप्रिल

जेवताना पुन्हा तोच वाद. काकांची अख्खी नोकरी फिटर म्हणून पंप उघडण्यात गेली. "आपोआप झालेला पंप मी तरी बघितला नाय. कुणीतरी ड्रॉइंग काढलं असणारच."

मी विचारलं, "श्वासाची नळी आणि अन्नाची नळी एकाच घशातून नेली, घास चुकला की माणूस गुदमरतो. असं पाइपिंग तुम्ही पास केलं असतं?"

"रिजेक्ट!" काकांच्या तोंडून निघून गेलं.

बनूकाकीला हसताना ठसकाच लागला. पुरावा जागेवर!

काका पाणी देत तिच्या पाठीवर थोपटत राहिले. मग म्हणाले, "ते देवाचं काम नसंल. मध्ये कुणी ठेकेदार घुसला असंल." भिंतीचा हुकूम मात्र कायम.

रविवार, २३ एप्रिल

भिंत मी पांढरी केली नव्हती. काका खरंच कुलूप घेऊन आले. मागून काकी, मुलांसाठी कोकम सरबत घेऊन. तिने झाड खालून वर बघितलं.

"तेजू, यात आपला कळंब कुठाय?"

"हे फक्त प्राण्यांचं आहे, काकी."

"का? लग्नात कळंबाला आपला माणूस म्हणून मांडवात बांधतो ना? त्याचं लाकूड चुलीत घालत नाय." मग काकांकडे वळून, "झाड नात्यात चालतं तुम्हाला. माकड आलं की लगेच इज्जत गेली?"

काकांनी झाडाकडे पाहिलं, मग हातातल्या कुलपाकडे. शेवटी कुलूप खिशात टाकत म्हणाले, "कळंब घेणार असशील तर राहू दे भिंत."

कळंब घ्यायचा म्हणजे बुंधा पार खाली न्यावा लागणार. वनस्पती आणि प्राणी वेगळे झाले त्याच्याही खाली. जितेशने लादीवर बसून पेन्सिलची रेघ ओढली. "खरं तर आधीच इथून सुरुवात करायला हवी होती."

बरोबर आहे. माझी आकृती अपुरी होती. राग यायला हवा होता, आला नाही.

मंगळवार, २५ एप्रिल

कामावरून आले तर समाजमंदिरात गर्दी. काकीने गावभर सांगितलंय! राजाबाईंना त्यांचा उंबर हवा. सदूमामांना आंबा. कैलासदादा मोराचं पीस घेऊन हजर, त्यांचं देवक तेच. म्हणे, "रंग हुबेहूब आला पाहिजे."

शेजारच्या सिंधी वस्तीतला, कॅम्प पाचचा भूपेश रंगाचे डबे घेऊन आला. "दीदी, हमारे झूलेलाल की मछली भी डालो ना!" मासा आधीच होता. त्याला शेपूट मोठी करून हवी होती. दिली. प्रमाण चुकलं. चालेल!

सगळ्यांच्या हातांना रंग. जितेशच्या कानालाही. मी सांगितलं नाही.

रविवार, ३० एप्रिल

झाड पूर्ण झालं. वर्गाला मुलांपेक्षा मोठी माणसं जास्त.

काकांनी चष्मा लावला. कळंबावर बोट ठेवलं आणि फांदीवरून खाली आणलं. मग उंबरावरून. आंब्यावरून. मोरावरून. बोट दर वेळी त्याच बुंध्यावर.

"म्हणजे खाली जाऊन सगळ्यांचं देवक एकच?"

"हो."

"राजाबाईंचं पण?"

"हो, काका."

"मग गावात आजवर झाली ती सगळी लग्नं भावाबहिणींची?"

"आपलं पण!" काकी ओरडली. समाजमंदिर हसून कोसळायचं बाकी होतं. काका लाल.

"हसू नका! मग माणसानं लग्न करायचं कुणाशी?"

मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात सांगितलं, "नात्यात सगळेच आहेत. बघायचं ते किती लांबचे. त्यासाठी आज्या-पणज्या शोधाव्या लागतात. नुसतं देवक बघून ते कळत नाही."

जितेश शिडीचा स्क्रू घट्ट करत होता. तो घट्टच होता. मी धुतलेला ब्रश पुन्हा धुतला.

काकांनी कळंबावरून बुंध्यापर्यंत पुन्हा एकदा बोट नेलं. "बघू," म्हणाले आणि गेले.

गुरुवार, ४ मे

काकांनी चहा पिताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या जितेशचे आजोबा कुठले? आणि आजीचं माहेर?"

मी आठवल्यासारखं केलं. मग पणजीपर्यंत सगळं सांगितलं; आमच्या घराशी कुठेच नातं लागत नाही.

काका म्हणाले, "बराच अभ्यास हाय तुझा."

रविवार, ७ मे

काका सकाळीच जितेशच्या घरी जाऊन आले. काकीने विचारलं, "मांडवात कळंबाच्या डहाळ्या दोन लागतील ना, दोन्ही घरांच्या?" काका चपला काढत म्हणाले, "आता एकाच झाडाची माणसं आपण. डहाळी एकच पुरे."