मामाच्या घोड्याचं शिंगरू

सोनारी, रविवार

आबा,

तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, माफ करा. रोजची वही भरत आलो, पण तुमच्याशी बोलायचं टाळलं. आज लिहितोय ते तांबडीमुळं, आपल्या जुन्या घोडीच्या नातीमुळं.

काल जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या होत्या. आपल्या भीमथडी घोड्यांना आता सरकारनं वेगळी जात म्हणून मान्यता दिलीय, त्याच्या नोंदी चालू आहेत. बाईंनी तांबडीला टेप लावली, पाय उचलून पाहिला. "नाल नाही, तरी खूर बघा, दगड नुसता!" मराठ्यांच्या फौजा असल्याच बुटक्या घोड्यांवर कुठं कुठं गेल्या, हे त्या सांगत होत्या आणि मला तांबडीची आजी दिसत होती. मेंढरांमागं निघालीय, पाठीवर भांडी, वर कोंबड्या, पिशवीतून डोकावणारी दोन कोकरं, आणि चढावर एकदाही अडखळत नाही. रुंद छाती, बारीक पाय, सरळ उभे कान. इतकं देखणं जनावर, आणि मला तिची लाज वाटायची.

कॉलेजातल्या मित्रांनी विचारलं होतं, "हे घोडं हाय का गाढव रे?" तेवढं मला पुरलं. तुम्ही तिला गाभण करायला मामाच्या भीमथडी घोड्याकडं न्यायला सांगितलंत. मी परंड्याला, वरातीच्या उंच मारवाडी घोड्याकडं नेली. शिंगरू झालं, ते मारवाडी बापासारखं कानांची टोकं आत वळलेलं. तुम्ही ती टोकं बोटांनी चाचपलीत.

"मामाच्याच घोड्याचं का?"

"व्हय, आबा."

"बरं. पाय आईचं घेतल्यात पोरीनं. लई चालंल." आणि घोडीला गूळ चारायला उठलात.

ती पोर म्हणजे तांबडीची आई. काल बाईंनी विचारलं, "हिच्या आईचा बाप कुठला?" मी म्हणालो, "भीमथडीच. मामाचा." तांबडीचे कान सरळ आहेत, त्यामुळं त्यांना शंका आली नाही. पैदाशीसाठी तिचं नाव त्यांनी सगळ्यात वर लिहिलं. घरात सगळे खूश आहेत. आता तिची शिंगरं अस्सल भीमथडी म्हणून गावोगाव जातील.

ते कान बघून तुम्हाला कळलं नसेल, हे मला पटत नाही. मी आपणहून सांगेन म्हणून तुम्ही थांबला असाल, तर मी सांगितलंच नाही. खरं सांगितलं की तांबडीचं नाव कटेल. पाय मात्र आजीचेच राहतील.

उद्या: डॉक्टरबाईंना फोन. आईचा बाप मारवाडी.